पट्टे कुठे गेले?

ठाणे,
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय शुभे,

गणपतीत आलेलं तुझं पत्र अजून फ्रिजवरच्या परडीत आहे. रोज दूध ठेवताना दिसतं, रोज ठरवते. आज बसलेय ती मात्र त्याचं उत्तर लिहायला नाही, हे आधीच सांगते. शुक्रवारी शाळेत एक गोष्ट झाली, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. ह्यांना सांगून पाहिलं, तर म्हणाले, "अगं, गांडुळंच ना?" फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कॉलेजपासून दिलेलं नाहीस.

तब्येत ठीक. गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. आई बरी आहे.

जूनमध्ये तुला म्हटलं होतं ना, सातवीला घेऊन गांडूळखत करतेय म्हणून. तू हसली होतीस. "मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारल्या त्यांचीच आता सेवा का?" हो, त्यांचीच. आता तर कॉलेजातही कुणी त्यांना टाचण्या मारत नाही, २०१४ साली यूजीसीने विच्छेदनं बंदच केली. तर भाजीवाल्यांचे असतात तसे दोन क्रेट आणले. आतून हिरवी जाळी, तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वर्तमानपत्राच्या ओल्या पट्ट्या, वाळका पाला, मुरलेलं शेण, आणि त्यात अर्धा किलो आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं. पट्टेवाली, लालसर तपकिरी, दोन वलयांच्या मधे पिवळट रेघ. क्रेट चार विटांवर आणि प्रत्येक वीट पाण्याच्या ताटलीत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. जागा मिळाली ती मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

शुभे, ही मुलं तू बघायला हवीत. निम्मी दिवा गावाहून येतात, तिथे ठाण्याचा कचरा टाकायचे. डंपिंगचा धूर आणि वास म्हणजे काय ते यांना मी काय शिकवणार! घंटागाडी गेली की आपल्यासाठी कचरा संपतो, यांच्यासाठी तो तिथून पुढे सुरू व्हायचा. त्यामुळे मूठभर मेथीची देठं पंधरा दिवसांनी ओळखूच येईनात, तेव्हा वर्गात जी शांतता झाली ती मला कुठल्याही धड्याला कधी मिळालेली नाही. पहिल्या आठवड्यात किंचाळणाऱ्या मुली आता हाताने बिछाना उलटतात. ओल किती हवी ते मूठ दाबून सांगतात: एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाणी जास्त. लिंबू-संत्र्याची सालं नाहीत, कांदा-लसूण नाही, मिठा-तेलाचं काही नाही, हे घरी आयांनाही ऐकवतात. एकीची आई पालकसभेत म्हणाली, "बाई, आता डब्यात भाजी उरली तर माझी उलटतपासणी होते."

बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावून आम्ही त्यांना बघितलं, कारण लाल उजेड त्यांना जाणवत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी, लिंबाच्या आकाराची अंडकोशं शोधली. एकातून तीन पिल्लं निघाली, पांढऱ्या दोऱ्यासारखी, तेव्हा वर्गाने बारसंच करायचं बाकी ठेवलं. एकाने विचारलं, मधोमध कापलं की दोन होतात ना? मला पम्या आठवला. तुमच्या मागच्या अंगणात उभा राहून किती ठासून सांगायचा! होत नाहीत म्हटलं. शेपटाकडचा तुकडा गेला तर पुढचं धड कधी कधी तगतं, शेपटाचं नवं गांडूळ काही होत नाही.

आणि डार्विन! मुलांना वाटायचं तो फक्त माकडांचा. मी सांगितलं, १८८१ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, त्याने अख्खं पुस्तक गांडुळांवर काढलं. घरात कुंड्यांत ती पाळली, मुलाला त्यांच्यासमोर बासून हे फुंकवाद्य वाजवायला लावलं, पियानो वाजवून पाहिला, ढिम्म हलली नाहीत. मग कुंड्या पियानोवरच ठेवल्या आणि खालचा सूर दाबला, तर सर्रकन बिळात. ऐकू येत नाही, पण थरथर कळते. झालं, आम्हाला गाण्याच्या वर्गातली पेटी हवी झाली. शिपाईकाकांना निरोप गेला, "बाईंची पेटी गाण्याच्या वर्गातून आणा." त्यांच्या लेखी बाईंची पेटी एकच. त्यांनी गांडुळांचा क्रेट उचलून थेट गाण्याच्या वर्गात नेला, आणि तिथे पाचवीची प्रार्थना चालू होती. गाण्याच्या बाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण शेवटी त्यांनीच खर्जातला सा धरून ठेवला आणि पेटीवरच्या डब्यातलं एक गांडूळ खरंच आत शिरलं. वर्ग नाचला.

हे सगळं मुलांनी निरीक्षण वहीत लिहिलंय. वहीच्या पहिल्या पानावर मी जूनमध्येच एक ओळ लिहून घेतली होती: जे दिसलं तेच लिहा. ती ओळ कुणाची ते तुला सांगायला नको.

आता ऐक. दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी एका मुलाच्या काकांनी तबेल्यातून दोन घमेली शेण पाठवलं. ताजं. मुलांना फळ्यावर मीच लिहून दिलंय की शेण पंधरा दिवस सावलीत पसरून, पाणी मारून, थंड करून मगच घालायचं. पण सुट्टी मोठी, शाळेला कुलूप, मुलांच्या पाळ्या बंद, आणि मला वाटलं उपाशी राहण्यापेक्षा भरपूर घालून जावं. घातलं. वर गोणपाट भिजवून टाकलं आणि स्टेशन गाठलं.

शुभे, मला माहीत होतं. अंगणातल्या खतात हात घालून 'बघ कसं तापलंय' असं तूच मला पहिल्यांदा दाखवलं होतंस. पत्र्याखाली ऑक्टोबरची काहिली. वर ताजं शेण मुरताना तापणार, अमोनिया सुटणार. ही बिचारी पंचविशीच्या आसपास खूश असतात, पस्तिशीच्या पुढे जगत नाहीत. शाळा सुरू व्हायच्या दोन दिवस आधी किल्ली मागून गेले. वासानेच कळलं. काही जाळीतून बाहेर पडून शेडच्या फरशीवर सुकली होती, सुतळीच्या तुकड्यांसारखी. विटांखालच्या ताटल्यांतसुद्धा होती. पाण्याकडे धावली असतील. आत बोट घातलं तर नुसता काळा लगदा.

मी तिथेच खाली बसले. मग उठून सगळं पिंपळाखाली पुरलं, क्रेट धुतले आणि घोडबंदर रोडच्या नर्सरीत गेले. १४ तारखेला बालदिनाचं प्रदर्शन, त्यात आमचा क्रेट पहिल्या टेबलावर. नर्सरीवाल्याकडे पट्टेवाली नव्हतीच. "मॅडम, ठाण्याच्या हवेला आफ्रिकन बरी. उन्हाळा काढतात." युड्रिलस जातीची. जांभळट, चकचकीत, बोटभर मोठी. मी घेतली. मुलांना काय कळतंय, असा विचार मी केला. हे वाक्य तुला लिहिताना हात अडतोय.

तिसऱ्या दिवशी सायली भिंग घेऊन आली. "बाई, आपल्यांना पट्टे होते. यांना नाहीत." तुला सांगते, उत्तर द्यायला मला श्वासभरसुद्धा वेळ लागला नाही. "मोठी झाली ना, मोठी झाली की पट्टे जातात." ती गेली. दुसऱ्या दिवशी परत. "बाई, आणि यांची पर्याणिका, ते अंगावरचं जाडसर कडं, ती पण पुढे आलीये. आधी मी मोजली होती, पंचविसाव्या वलयापासून होती. आता चौदाव्याला आहे." अगं, सातवीतली मुलगी! भिंगाखाली वलयं मोजत बसली होती! आपण पुस्तकातल्या गांडुळाच्या पर्याणिकेची वलयं 'चौदा, पंधरा, सोळा' घोकून पास झालो, जिवंत गांडुळाची पंचवीस वलयं आपल्यापैकी कुणी मोजली असतील तर ती फक्त तू. आणि मी काय म्हणाले? "हो का? छान निरीक्षण." एवढंच.

शुक्रवारी प्रदर्शनाला पाहुणे आले. सायली टेबलामागे उभी, दोन वेण्या, हातात पट्टी. खणखणीत आवाजात सांगितलं, "गांडूळ मोठं होताना त्याचे पट्टे पुसट होत जातात आणि पर्याणिका तोंडाकडे सरकते. हे आमच्या वर्गाचं स्वतःचं निरीक्षण आहे." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी माझ्याकडे वळून मान डोलावली. माझं एक खोटं होतं, त्यावर त्या पोरीने स्वतःच्या अकलेने मजला चढवला. तिने मोजलेलं सगळं खरं, जोडलेलं सगळं खोटं, आणि जोडायचा चुना मी दिला.

तुझी ती प्रॅक्टिकलची परीक्षा आठवते? तुझ्या गांडुळात कात्री एका बाजूला गेली, स्पर्मॅथीकांच्या, म्हणजे शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्यांच्या, डाव्या बाजूला तीनच उरल्या. तू तीनच काढल्यास, चौथीच्या जागी 'फाटली' असं लिहिलंस आणि मार्क घालवलेस. माझ्या ट्रेमध्ये तर धड दोनही दिसत नव्हत्या. मी पुस्तकातल्या चार जोड्या सुबक काढल्या आणि लाल पेनाने शाबासकी मिळवली. तलावपाळीवर आपण किती भांडलो! मी म्हटलं, चार जोड्या असतात हे सगळ्यांना माहीत आहे, मग काढायला काय झालं? तू म्हणालीस, "माहीत आहे ना, मग माहितीचा पेपर वेगळा आहे. हा बघायचा पेपर होता." आणि भेळ न खाता निघून गेलीस. चार दिवस बोलली नाहीस. तेव्हा मला तू हट्टी वाटलीस. खूप वर्षं वाटत होतीस.

उद्या सांगायचं, हे मी ठरवलंय. प्रश्न तो नाहीच. प्रश्न सायलीचा आहे. तिने ते पाहुण्यांसमोर सांगितलंय, वर्ग दोन दिवस तिला 'सायंटिस्ट' म्हणून हाक मारतोय. मी वर्गात उभी राहून 'ते चूक होतं' म्हटलं, तर चूक माझी आणि मान तिची खाली जाणार. पुन्हा कधी भिंग उचलेल का? आणि तो ओंकार. सुट्टीच्या आधी त्याने डब्यातलं लिंबाचं लोणचं गुपचूप क्रेटमध्ये टाकलं होतं, त्यावरून मी त्याला बोलले होते. गांडुळं मेली हे कळलं की तो ते स्वतःच्या नावावर घेणार, कुणी काही न म्हणता. मला आधी वाटत होतं, मी त्याच्यासाठीच गप्प बसले. काल रात्री कबूल केलं स्वतःशी, नर्सरीत पैसे देताना ओंकार माझ्या डोक्यातही नव्हता. प्रदर्शनाचं टेबल होतं.

तर माझा विचार असा. उद्या शाळा भरायच्या अर्धा तास आधी सायलीला एकटीला बोलवायचं. तिला आधी सांगायचं, वर्गाला नंतर. आणि वर्गात सुरुवात करायची ती तिच्या आकड्यांपासून: पंचवीस आणि चौदा. फळ्यावर तेवढेच दोन आकडे. ते तिचे आहेत आणि बरोबर आहेत. त्या दोन आकड्यांवरून ही दोन वेगळी गांडुळं आहेत हे कळतं, पण मी तिला तिथवर जाऊ दिलं नाही, असं सांगायचं. मग शेणाचं. घमेलं आणून, ताजं शेण ढीग करून त्यात थर्मामीटर खुपसून ठेवायचा, आठवडाभर पारा मुलांनीच वाचायचा. म्हणजे लोणच्याने नाही, बाईंच्या घाईने, हे ओंकारला आकड्यांत दिसेल. हे बरोबर आहे का गं? की सायलीला वर्गाच्या आधी सांगणं म्हणजे एवढ्याशा मुलीवर माझं ओझं टाकणं? तू काय केलं असतंस? तुझ्यावर ही वेळ आलीच नसती हे मला माहीत आहे, तरी सांग.

तुझ्याकडचं विचारायचं राहिलंच. सासूबाईंचा मोतीबिंदू झाला का? मुक्ता होस्टेलवर रुळली? चिपळूणची घरं पुन्हा रंगवून झाली असतील. डिसेंबरात येते म्हणालीस ते नक्की ना? तुमच्या बागेतल्या खड्ड्यात पट्टेवाली असतील तर ओल्या पाल्यात गुंडाळून मूठभर आण, एसटीत झाकण बंद करू नकोस.

आज दुपारी माळ्यावरून जुनं जर्नल काढलं. चार जोड्या, अगदी सारख्या, लाल पेनाची खूण अजून ताजी दिसते. पान दुमडून ते उद्याच्या पिशवीत ठेवलंय, डब्याच्या खाली. सायलीला दाखवायचं की नाही ते लोकलमध्ये ठरवीन. कळवा पुढचंच स्टेशन, वेळ फारसा मिळणार नाही.

तुझी,
मीना

ता. क. मंगळवारी रात्री फोन करते. शेवटपर्यंत बोलू दे.