सही न केलेले कागद

ठाणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, तुम्ही मोबाइल बंद करून कपाटात ठेवलाय, हे आईने शेजारच्या काकूंच्या फोनवरून सांगितलं. म्हणून हे पत्र. तुम्ही कुरियरने पाठवलेले कागद याच पाकिटात आहेत. एफडी मोडून पैसे माझ्या खात्यात वळवण्याचा अर्ज आहे आणि मुखत्यारपत्राचा मसुदा आहे. सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय, "यापुढे सगळं तूच बघ, माझं डोकं आता चालत नाही." मी कशावरही सही केलेली नाही. का ते सांगते, पण आधी माझ्या चुकीबद्दल.

त्या मंगळवारी फोनवरच्या भामट्याने तुम्हाला घाबरवून पैसे उकळल्यावर आईने मला फोन लावून तुमच्या हातात दिला, आणि तुम्ही काही बोलायच्या आत मी ओरडले, "बाबा, असं कसं केलंत तुम्ही?" तुम्ही नुसतं "हो गं" म्हणालात. तेवढंच माझ्या कानात राहिलंय. मी तेव्हा तुमच्यावर चिडले नव्हते, मी घाबरले होते. तुम्हाला काही झालं असतं तर, हा विचार आधी आला आणि तोंडातून बाहेर पडला तो राग. मला माफ करा.

नंतर आईने मला सांगितलं जे तुम्ही सांगितलं नव्हतं. तुमच्या नावच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, हे ऐकून तुम्ही फोनवरच्या त्या माणसाला चांगलं फटकारलं होतं म्हणे. तोवर तुम्ही ठीक होता. मग तो म्हणाला, "चौकशीत मुलीचंही नाव येईल. तिची नोकरी जाईल, पासपोर्ट जप्त होईल." तिथून पुढे तुम्ही त्याला "सर" म्हणायला लागलात.

34 वर्षं जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात काढलेला माणूस, ज्याने एका रुपयाच्या फरकासाठी अख्खी कॅशबुक पुन्हा लावली, तो तीन तास दाराला कडी लावून व्हिडिओ कॉलसमोर बसतो आणि 1 लाख 20 हजार पाठवतो. लोक म्हणतील, वय झालं. मी ते मान्य करत नाही. मला आठवतंय, मी शाळेत असताना आपण फ्लॅट बघायला गेलो होतो. बिल्डरचा माणूस म्हणाला, आजच बुकिंग केलं तरच हा भाव. तुम्ही चहा अर्धा ठेवून उठलात. ऑफिसातही तुमचं ठरलेलं असायचं: शंका आली की फाइल रात्रभर टेबलावर राहू दे, सही सकाळी. तिथे समोर लोभ होता आणि लोभाला तुम्ही कधीच बधला नाहीत. या वेळी त्याने लेकीच्या जिवावर बोट ठेवलं. तुमची बुद्धी कमी पडली असं मला वाटत नाही. तुमची माया त्याच्या हाती लागली.

मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका दिसला की तो सगळं शरीर कामाला लावतो. छाती धडधडते, हात गार पडतात आणि लक्ष त्या एकाच धोक्यावर खिळतं. कपाळामागचा भाग, जो पुढचं-मागचं तोलून बघतो, तो अशा ताणात मागे पडतो. साप दिसल्यावर हे बरंच आहे, कारण तिथे विचार करत बसलो तर मरू. पण साप निघून जातो. फोनवरच्या माणसाने ती भीती तीन तास तेवत ठेवली. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, बायकोलाही सांगायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची होती, कारण दुसऱ्या माणसाशी दोन वाक्यं बोललो की भीती उतरायला लागते, हे त्याला ठाऊक होतं.

डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979मध्ये मांडलं की हजार रुपये मिळाल्याचा आनंद आणि हजार गेल्याचं दुःख यांचं वजन सारखं नसतं, दुःखाचं पारडं बरंच जड असतं. मोठं काही गमावू नये म्हणून माणूस वाटेल ती जोखीम घेतो. तुम्ही मला वाचवायला 1 लाख 20 हजार दिलेत. त्या क्षणी तुमच्या मनात तो हिशोब बरोबरच होता.

2024च्या ऑगस्टमध्ये वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्याकडून अशाच लोकांनी 7 कोटी रुपये उकळले. पद्मभूषण मिळालेला, आयुष्यभर उद्योग चालवलेला माणूस. त्यांना तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीही ऑनलाइन दाखवली होती. पुढे त्यांनी तक्रार केली आणि पोलिसांनी बरीचशी रक्कम परत मिळवली. तोंड लपवलं असतं तर तीही गेली असती. त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये डिजिटल अरेस्टचा, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या अशा खोट्या अटकेचा, विषय काढला होता. आपल्या कायद्यात अशी अटक नाहीच. हे तुम्हालाही माहीत होतं, बाबा. पेपरातली ती बातमी तुम्हीच आईला वाचून दाखवली होती. माहीत असणं आणि त्या वेळी ते आठवणं, यांच्या मधल्या जागेत भीती बसते.

आई, आता तुझ्याबद्दल. तू म्हणतेस, "मी आधीच दार वाजवायला हवं होतं." अगं, वाजवलंस तेच केवढं! बाबांची बीपीची गोळी तशीच राहिली, चहा दाराबाहेर गार झाला आणि आतून बाबांचा असा आवाज आला, जो तू इतक्या वर्षांत ऐकला नव्हतास. तुला अमिग्डाला माहीत नव्हता, डिजिटल अरेस्टही डोक्यात आलं नव्हतं. तुझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि तू दार वाजवत राहिलीस. एफडीचे 9 लाख त्यामुळे वाचले.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात अंतोनियो दामासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पत्त्यांचा खेळ तयार केला होता. चार गड्ड्या, त्यातल्या दोन फसव्या. त्या आधी मोठी कमाई देतात आणि मग त्याहून मोठा फटका. खेळणाऱ्यांना कुठली गड्डी वाईट हे सांगता येत नव्हतं, तेव्हाच त्या गड्डीकडे हात नेताना त्यांच्या तळहातांना किंचित घाम सुटायला लागला होता. आणि मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले काही रुग्ण, ज्यांची बुद्धी शाबूत होती, त्यांना तो घाम सुटत नव्हता. ते फसव्या गड्ड्याच उचलत राहिले. आई, तुझा तळहात नीट चालतो. म्हणून मला "भावना बाजूला ठेवून निर्णय घ्या" हा सल्ला पटत नाही. त्या दिवशी एक भावना खोलीच्या आत होती आणि एक बाहेर. बाहेरचीने घर वाचवलं.

म्हणून, बाबा, कागद परत. हा अर्ज तुमच्या शरमेने लिहिलाय, आणि शरमसुद्धा भीतीइतकीच घाई करते. तुमचं अक्षर बघितलं मी. कायम सरळ रेषेत लिहिणारे तुम्ही, इथे ओळी खाली उतरल्यात. फाइल टेबलावर राहू दे. सहा महिन्यांनी शांतपणे वाटलं की व्यवहार माझ्याकडे द्यावेत, तर मी आनंदाने घेईन. आत्ता घेतले तर तुमच्या हातून पैशापेक्षा मोठं काहीतरी काढून घेतल्यासारखं होईल, आणि ते माझ्याच्याने होणार नाही.

दोनच गोष्टी मात्र करा. "कुणाला सांगू नका" असं म्हणणाऱ्याचा फोन त्याच वाक्याला ठेवायचा, मग तो स्वतःला कोणीही म्हणवो. आणि 25 हजारांच्या वरची रक्कम आईला सांगून, एक रात्र जाऊ देऊन पाठवायची. मीही हाच नियम पाळणार आहे, तुमच्या जावयालाही सांगितलंय. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आईच्या अक्षरात फ्रिजवर लावा. तुम्ही त्याच संध्याकाळी तिथे तक्रार केलीत, म्हणून 45 हजार तरी समोरच्या खात्यात गोठवले गेलेत. बाकीच्या पैशांचं जे होईल ते होईल.

शनिवारी कोयना एक्स्प्रेसने येते. बँकेत आपण दोघं जाऊ. बोलणार तुम्ही, मी शेजारी बसेन.

आणि लाइट बिल 20 तारखेपर्यंत आहे. आईने मला भरायला सांगितलं होतं, मी भरलेलं नाही. मोबाइल कपाटातून काढा आणि नेहमीसारखं तुम्हीच भरा.

तुमची,
ताई