मास्टर काका, ब्लॉक बरोबर साडेबारा इंच भरला

आदरणीय मास्टर काका,
सादर नमस्कार.

समोर येऊन आभार मानले तर तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणत चहा मागवाल आणि विषय तिथंच संपेल. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. ऐन लग्नसराईत, पुढ्यात ब्लाउजांचा ढीग पडलेला असताना, तुम्ही माझ्या नऊ चौकोनांच्या चांदणीसाठी, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या गोधडीच्या ब्लॉकसाठी, हातातलं काम बाजूला ठेवलंत.

आमच्याकडे गोधडी घरातच व्हायची. जुनं लुगडं अंथरायचं, वर तुकडे मांडायचे आणि कडेकडेनं आत धावदोरा घालत जायचं. तुकडा तुकड्यावर थोडा चढला तरी तिथं खपून जातं. पॅचवर्कच्या ब्लॉकमध्ये तुकडा तुकड्याला कडेनं जोडायचा असतो आणि शिवणीत किती कापड जातं यावर सगळा हिशेब असतो. शिवणीला पाव इंच सोडा, असं सगळीकडे सांगतात. ते पाव इंच माझ्या मशीनवर नेमकं कुठं आहे, हे तुम्ही दाखवलंत.

दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या तुम्ही जोडायला लावल्या आणि मधल्या पट्टीवर टेप ठेवला. ती बरोबर एक इंच दिसायला हवी. माझी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी होती. प्रेशर फूटच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, कडेनं शिवलं की या मशीनवर अडीच सूत कापड आत जातं, हे तिथंच कळलं. एका ओळीत तीन चौकोन, म्हणजे दोन शिवणी आणि शिवणीत जाणाऱ्या चार कडा. प्रत्येक कडेला अर्धा सूत जास्त गेलं की ओळ पाव इंचानं आखूड. मग तुम्ही सुईपासून दोन सूत मोजून मशीनवर चिकटपट्टी लावून दिलीत. ती अजून तशीच आहे.

त्रिकोणांचं गणित तर मला आजवर कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. चार इंचाच्या तयार चौकोनासाठी साधा तुकडा साडेचार इंच कापायचा, पण दोन त्रिकोणांचा चौकोन हवा असेल तर ४ इंच ७ सूत. हे सात सूत कुठून येतात? तुम्ही खडूनं आखून दाखवलंत: दोन सरळ कडांच्या शिवणीचे चार, आणि तिरक्या कडेच्या शिवणीत जातात ते जवळजवळ तीन. शिवाय त्रिकोण आधी कापायचेच नाहीत. गडद आणि फिका चौकोन एकमेकांवर ठेवून कर्णरेषा आखायची, तिच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवायचं आणि मग रेषेवर कात्री चालवायची. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, कड ताणली जाते. शिवण आधी पडली की तिला ताणायला वावच राहत नाही.

इस्त्री फिरवायची नाही, उचलून दाबायची. एका ओळीच्या शिवणी डावीकडे, दुसरीच्या उजवीकडे झोपवायच्या, म्हणजे ओळी जोडताना शिवणी एकमेकींत अडकून बसतात. बोटानं चाचपून बघितलं, तर कोपरा जुळल्याचं खरंच हाताला कळतं.

कापडाबद्दलचा तुमचा सल्लाही मोलाचा. बाघ गावच्या छपाईचं लाल-काळं सुती कापड मी कापणार, तेवढ्यात तुम्ही थांबवून आधी धुऊन आणायला सांगितलंत. मधल्या चौकोनासाठी आईची महेश्वरी साडी वापरायची माझी फार इच्छा होती. तिचा ताणा (उभे धागे) रेशमी, बाणा (आडवे धागे) सुती. कापली की कड सुटते. तुम्ही ती नको म्हणाला नाहीत. मागून मलमल लावा म्हणालात आणि तसा एक तुकडा तुमच्या पेटीतून काढून दिलात. त्याचे पैसे घेतले नाहीत, याचा उल्लेख मी करणारच.

काका, तो ब्लॉक तुम्ही स्वतः चहा थंड व्हायच्या आत शिवून दिला असता. मशीनवर मला बसवलंत, उसवायलाही मलाच लावलंत. त्यासाठी मनापासून आभार.

पहिला ब्लॉक शिवणींसकट साडेबारा इंच भरला. तो चारी बाजूंनी जोडला गेला की बरोबर बारा राहील. पुढचे कापून ठेवलेत. काठाची पट्टी उभी कापू की आडवी, हे विचारायला राजवाड्याकडे आले की दुकानात डोकावेन. काकूंना नमस्कार सांगा.

आपली कृतज्ञ,
इंदूरची एक गोधडीवाली