त्रेसष्टचा आकडा

काका,

दुकानात लहानथोर सगळे तुम्हाला नावानं हाक मारायचे, म्हणून मीही मारत होते. पण वडिलांहून मोठ्या माणसाला नुसत्या नावानं बोलवायचं म्हणजे दर वेळी जीभ अडखळायची. आज मराठीत लिहितेय, तर काकाच म्हणते.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. यातले आकडे तेवढे वाचता येतील, आणि ते कसे, हेच मला इथल्या माणसांना सांगायचं आहे. अमेरिकेतलं बोझमन सोडून पुण्याला येऊन आठ दिवस झाले. बॅगा अजून पुऱ्या उघडलेल्या नाहीत. काल जॅकेटच्या खिशात टिपेटचं, म्हणजे गळाच्या टोकाला बांधायच्या बारीक दोऱ्याचं, अर्धं संपलेलं रीळ सापडलं, ५एक्सचं. ते हातात घेऊन मी पलंगावर बसले आणि रडू आवरेना. म्हणून आज लिहायला बसले.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगते. माझा नवरा मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीत संशोधनाला होता, त्याच्याबरोबर मी गेले. पुण्यात नऊ वर्षं मी एका कंपनीचे हिशेब सांभाळले होते. तिथे कामाचा परवाना हातात आला आणि मी दारोदार फिरू लागले. एका दुकानानं घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या खोलीत खोकी घडी करायला बसवलं. तुझं बोलणं गिऱ्हाइकांना कळायला वेळ लागतो, असं तिथल्या मॅनेजरबाईंनी तोंडावर सांगितलं. मी वाक्य सुरू केलं की त्या ते स्वतःच पुरं करायच्या, तेही चुकीचं. मी काय म्हणत होते ते त्यांनी एकदाही ऐकलं नाही. तीन आठवड्यांनी मला येऊ नको म्हणाल्या. आपली माणसंही कमी नव्हती. तुमच्याकडे काम मिळालं हे कळल्यावर एका ओळखीच्या बाईंनी मला फोनवर विचारलं, "एम.कॉम. होऊन आता मासे धरायचे गळ विकणार का?" तो प्रश्न अजून कानात आहे.

तुमच्या दारावर उन्हाळ्यापुरता माणूस हवा अशी चिठ्ठी होती. मी आत आले तेव्हा फ्लाय फिशिंगमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या महाडकडे गरी म्हणतात, तिला गांडूळ लावायचं, एवढंच ठाऊक. तुमच्याकडे गरीवर पिसं, केस आणि दोरा बांधून खोटा किडा केलेला, आणि मासा लागला की ओल्या हातानं धरून परत पाण्यात सोडायचा. तुम्ही विचारलंत, माशांबद्दल काही माहीत आहे का. मी वाळणकोंडचं सांगायला लागले. काळ नदीच्या डोहात देवीचे मासे आहेत, कुरमुरे टाकले की वर येतात, त्यांना कुणी धरत नाही. हे सांगताना माझं इंग्रजी तीनदा अडलं. तिन्ही वेळा तुम्ही थांबलात. शब्द सुचवला नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाहीत. मी गप्प झाल्यावर विचारलंत, "केवढे असतात?" मी हात पसरून दाखवले. तुम्ही म्हणालात, "सोमवारी सकाळी सातला ये."

कामाचं सगळं सांगत बसत नाही. सकाळी सातच्या आत गिऱ्हाइकांना नदीवर नेणारे गाइड लोक यायचे, त्यांना फ्लाय, बर्फ, गाडीच्या किल्ल्यांची व्यवस्था. मग दिवसभर परवाने, भाड्याचे वेडर म्हणजे पाण्यात उतरायचे पायघोळ पोशाख, चिखलाचे बूट धुऊन टांगणं. मला आवडायची ती फ्लायच्या कप्प्यांची भिंत. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला नंबर शिकवलेत. नंबर वाढला की गरी बारीक. ४ नंबरची सामनफ्लाय बोटाच्या दोन पेरांएवढी, २२ नंबरची तांदळाच्या कणीएवढी. दोऱ्याचंही तसंच, ५एक्सपेक्षा ६एक्स बारीक. फ्लायची नावं तुम्ही अशी घ्यायचात की आमच्याकडचे गवई आठवावेत, गुरूचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावणारे. १९२२ साली मिशिगनमध्ये लेन हॅलाडेंनी पहिली अ‍ॅडम्स बांधली. एल्क हेअर कॅडिस अल ट्रॉथ यांची, १९५७ची. ते पुढे आपल्या मोंटानात डिलनला येऊन राहिले. भिंतीवर कोंबड्याच्या मानेच्या पिसांची पाकिटं टांगलेली होती, त्यावर इंडियन लिहिलेलं. त्यातलं एक काढून तुम्ही माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "हे तुझ्याआधी पोचलंय."

संध्याकाळी गाइड परतले की कुठे काय चाललं ते सांगायचे. मी ते वहीत उतरवू लागले. नऊ वर्षांची सवय, खतावणीसारखे रकाने पाडले: तारीख, नदी, पाण्याचं तापमान, वेळ, किडा, नंबर. हात भरभर चालावा म्हणून मराठीत लिहीत होते. गॅलॅटिन, सकाळी १०, फेझंट टेल, १६. यलोस्टोन, संध्याकाळी ७, कॅडिस, १४. वही काउंटरखाली असायची. महिन्याभरात असं झालं की कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "वही काय म्हणते?" आणि मी वाचून सांगायची.

पुढे सोमवारी माझी सुट्टी ठरली. जुलैतल्या एका मंगळवारी मी कामावर आले, टेपच्या रिळासाठी खण ओढला, तर खणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला. तुमचं अक्षर. डावीकडे तुमचे आकडे, उजवीकडे माझे. शून्य ते नऊ. ५चं शेपूट उलट्या बाजूला गेलेलं, ८ आडवा पडलेला, ९ दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढलेला.

मी तुम्हाला आकडे शिकवले नव्हते. तुम्ही विचारलंही नव्हतं. मी रोज तारीख लिहायची, पहिल्या पानापासून ओळीनं. सोमवारी दुकानात गर्दी ओसरल्यावर तुम्ही वही उघडलीत, भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी धरलंत आणि तारखांवरून एकेक आकडा ओळखत गेलात. किड्यांची नावं तुम्हाला लागली नाहीत. पण नंबर लागले, तापमान लागलं, वेळ लागली, आणि चाळीस वर्षं त्या नद्यांवर घालवलेल्या माणसाला तेवढ्यावरून किडा कुठला ते कळलं.

काका, तुम्ही मला सांगू शकला असतात, उद्यापासून इंग्रजीत लिही. दुकान तुमचं, गिऱ्हाईक तुमचं, मी चार महिन्यांची पाहुणी. एका वाक्याचं काम होतं आणि मी लगेच ऐकलं असतं, मला वाईटसुद्धा वाटलं नसतं. तुम्ही ते वाक्य बोललाच नाहीत. सत्तरीच्या जवळ आलेल्या माणसानं चष्मा लावून माझे दहा आकडे गिरवले. त्या देशात दोन वर्षं मी माझं नाव तोडून सांगितलं, बोलण्याची ढब बदलली, वाक्यं आखूड केली. दर वेळी पलीकडे जायचं ते मीच. त्या खणापाशी पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूला आलेलं दिसलं. मी काहीच बोलले नाही. खण लावला आणि बूट धुवायला मागे गेले, कारण डोळे भरले होते.

दुपारी मी तुम्हाला ३ आणि ६ नीट काढून दाखवले आणि सांगितलं, आमच्यात दोघांचं पटत नसलं की छत्तीसचा आकडा म्हणतात, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात. तुम्ही खडू घेतलात आणि म्हणालात, "मग उलटे लिहिले तर?" तुम्ही ६३ लिहिलंत. दोघं समोरासमोर. मी म्हटलं, त्यालाही आमच्याकडे शब्द आहे, त्रेसष्टचा आकडा, म्हणजे गट्टी. तुम्ही फळ्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, ट्राउट माशालाही ६३ अंश मानवतं. त्यानंतर ज्या दिवशी गॅलॅटिनचं पाणी ६३ फॅरेनहाइटवर असायचं, त्या दिवशी फळ्यावर तेवढा एक आकडा मराठीत असायचा. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात आणि मी सांगायची, सावकाश, पूर्ण वाक्यात.

एक गृहस्थ मात्र आठवतात. मी त्यांना संध्याकाळसाठी १६ नंबरची कॅडिस सुचवली, तर माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, इथे माहितगार कोण आहे? तुम्ही गोदामातून येतच होतात. तुम्ही त्यांना उत्तर दिलं नाहीत. मला विचारलंत, "तू काय सांगितलंस?" मी सांगितलं. तुम्ही त्याच कप्प्यातून सहा उचलल्यात, स्वतःच्या डबीत ठेवल्यात आणि पैसे माझ्या हातात दिलेत. स्वतःच्या दुकानात. त्या गृहस्थांनीही सहा घेतल्या.

चांगुलपणा आवाज करत नाही, हे मला तुमच्याकडे बघून कळलं. ऑगस्टमध्ये उन्हानं नद्या तापल्या. सलग तीन दिवस पाणी ७३ अंशांवर गेलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवतात, हा तिकडचा नियम. कोमट पाण्यात प्राणवायू कमी, दमलेला मासा सोडला तरी जगत नाही. खालची मॅडिसन नदी तर एनिसच्या उथळ तलावातून येते, ती आधी तापते. पण तुम्ही ७३ची वाट बघितली नाहीत. ६८ झाले की दुपारनंतर जाऊ नका म्हणून सांगायचात. हंगामाचे मोजके आठवडे, हातचं गिऱ्हाईक, आणि तुम्ही त्यांना घरी पाठवायचात. कुणी वाद घातला तर शांतपणे म्हणायचात, सकाळी सहाला या, मी दार उघडतो. आणि खरोखर उघडायचात. मला वाळणकोंड आठवायचं. तिथे देवीचा धाक आहे म्हणून मासे राखले जातात. तुम्हाला कुणाचा धाक नव्हता.

आता घरी आलेय. आईनं विचारलं, तिकडे काय कमावलंस, तर तिला फ्लाय बांधून दाखवली. मेण लावलेल्या दोऱ्यावर सशाची लव दोन बोटांनी वळायची असते, अगदी देवाच्या वातीसारखी. आई बघत राहिली आणि मग तिनंच एक वळली, माझ्याहून घट्ट आणि एकसारखी. ती पाकिटात घालून पाठवतेय. नंबर १४.

वही परत मागू नकोस म्हणालात, मागत नाही. पुढच्या उन्हाळ्यात जी कुणी काउंटरमागे येईल तिला ती दाखवा, आणि खणातला तो कागद काढू नका. फक्त २३ जुलैच्या पानावर माझ्या हातून चहा सांडला होता आणि शाई फुटली आहे. तिथला आकडा १६ आहे, १८ नाही.

तुमची,
काउंटरमागची