आधी कोण पुढे आहे ते बघ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. डेटाबेसचं क्लस्टर, म्हणजे एकच डेटा मिळून सांभाळणारे अनेक सर्व्हर, उभं करण्याचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून फार बरं वाटलं. तुझ्याइतक्या चिकाटीने लॉग वाचणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही, आणि या कामात निम्मी लढाई तीच असते. मारियाडीबी हा डेटाबेस आणि त्याचा डेटा सगळ्या सर्व्हरवर सारखा ठेवणारा गॅलेरा ही जोडी निवडलीस तेही पटलं. तुझ्या प्रश्नांची उत्तरं मात्र तुझ्या क्रमाने देत नाही, मला जे जास्त महत्त्वाचं वाटतं ते आधी लिहितो.

"सुरुवातीला दोन सर्व्हर लावू, तिसरा नंतर बघू" असं तुझे साहेब म्हणतात. त्यांना स्पष्ट नाही म्हण. गॅलेरातला प्रत्येक नोड, म्हणजे क्लस्टरमधला एकेक सर्व्हर, एकच गोष्ट सतत तपासत असतो: शेवटच्या हजेरीला आपण जितके होतो, त्यातले निम्म्याहून जास्त आत्ता मला दिसतायत का? दोनातला एक अचानक गेला की उरलेल्याला फक्त स्वतः दिसतो, म्हणजे बरोबर निम्मे. तेवढं पुरत नाही. मग तो धडधाकट असूनही काम थांबवतो आणि ॲप्लिकेशनला १०४७ क्रमांकाचा एरर यायला लागतो. त्याचं बरोबरच आहे. समोरचा खरंच बंद पडलाय की मधली केबल तुटलीय, हे त्याला कळायला काही मार्ग नसतो. केबल तुटली असेल, तर पलीकडचाही हाच विचार करत बसलेला असणार. दोघांनी लिहिणं चालू ठेवलं तर दोन वेगवेगळे डेटाबेस तयार होतील, आणि ते पुन्हा एक करणं म्हणजे एकेक नोंद हाताने ताडून बघणं. तिसऱ्या पूर्ण सर्व्हरचे पैसे नसतील तर गार्बडी नावाचा छोटा प्रोग्रॅम तिसऱ्या मशीनवर चालव. तो डेटा साठवत नाही, फक्त मत देतो. पण सगळी रेप्लिकेशनची, म्हणजे बदल एकमेकांकडे पोहोचवण्याची, वाहतूक त्याच्याकडेही जाते, तेव्हा त्याचं नेटवर्क मरतुकडं ठेवू नकोस. आणि चार नोडचा मोह नको. दोन-दोन असे तुटले की चारही काम थांबवतात.

इथेच चाचणीबद्दल सांगतो, कारण फसगत इथे होते. बरेच जण सर्व्हिस नीट बंद करतात, बाकीचे चालू राहिलेले बघतात आणि "फेलओव्हर तपासला" (म्हणजे एक पडला तरी बाकीचे काम सांभाळतात) असं लिहून मोकळे होतात. त्यातून काहीही सिद्ध होत नाही. नीट बंद होणारा नोड बाकीच्यांना सांगून जातो, बाकीचे हजेरीतून त्याचं नाव कमी करतात आणि कोरमचा, म्हणजे निम्म्याहून जास्त हजेरीचा, हिशोब नव्या संख्येवर सुरू होतो. अशा चाचणीत दोन नोडचं क्लस्टरही पास होतं! खरी चाचणी म्हणजे मशीनची वीज थेट काढणं, किंवा फायरवॉलने ४५६७ पोर्ट अडवणं. तेव्हा काही सेकंद सगळे कमिट (बदल पक्के करण्याच्या विनंत्या) अडकून राहतील, कारण गप्प झालेल्या नोडवर संशय घ्यायची मुदत मुळात ५ सेकंदांची असते. ती अडकण तुझं ॲप्लिकेशन सोसतं का, हे याच वेळी बघून घे.

मांडणीबद्दल थोडक्यात. ३३०६, ४५६७, ४५६८ आणि ४४४४ हे चारही पोर्ट नोडांमध्ये दोन्ही बाजूंनी उघडे हवेत. सगळी टेबलं इनोडीबी या स्टोरेज इंजिनात आणि प्रत्येक टेबलाला प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम, यात सवलत नाही. बायनरी लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, रो फॉरमॅटमध्ये (बदललेल्या ओळींच्या रूपात) ठेव. तिन्ही नोडवर लिहिता येतं म्हणून तिन्हीवर लिहू नकोस. दोन नोडवर एकच ओळ एकाच वेळी बदलली तर एकाला कमिटच्या वेळी डेडलॉकचा एरर मिळतो, आणि ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांनी कमिट फसण्याची तयारी सहसा ठेवलेली नसते. क्लस्टरच्या पुढे प्रॉक्सी (मध्यस्थ प्रोग्रॅम) लावून लिहिणं एकाच नोडकडे वळव.

एक जागा मात्र जपून. पहिला नोड सुरू करताना क्लस्टरच्या पत्त्यात नुसतं जीकॉम, म्हणजे पत्त्याची सुरुवात, लिहून पुढे काही लिहीत नाहीत. त्याचा अर्थ "नवं क्लस्टर सुरू कर". काम झाल्यावर ही ओळ फाइलमध्ये तशीच राहिली, तर पुढे कधीतरी तो सर्व्हर रिस्टार्ट होतो आणि जुन्या सोबत्यांना न विचारता स्वतःचं एकट्याचं क्लस्टर थाटतो. दोन्हीकडे सगळं हिरवं दिसतं आणि डेटा फुटत जातो. पत्त्यात तिन्ही नोड पहिल्यापासून लिहून ठेव, आणि पहिल्या वेळी गॅलेरा न्यू क्लस्टर ही कमांड वापर.

आता तुझा अडकलेला प्रश्न: तिसरा नोड जोडताना पूर्ण प्रत घेणं, म्हणजे एसएसटी, मध्येच तुटतं आणि लॉगमध्ये धड काही सापडत नाही. तू बघतोयस जोडल्या जाणाऱ्या नोडचा लॉग. त्याला एवढंच माहीत असतं की येणारा डेटा थांबला. का थांबला ते देणाऱ्या नोडच्या लॉगमध्ये असतं. तिथे प्रत काढणाऱ्या मारियाबॅकअपच्या स्वतःच्या लॉगची शेवटची पानं वाच. सोकॅट (प्रत नेटवर्कवरून पाठवायला लागणारा प्रोग्रॅम) बसवलेलं नाही, एसएसटीच्या युजरला पुरेसे अधिकार नाहीत, ४४४४ पोर्ट बंद आहे किंवा एसईलिनक्स ही लिनक्सची सुरक्षा व्यवस्था आडवी येतेय, यांपैकीच काहीतरी निघायची शक्यता मोठी. जोडून झाला की जीकॅश, म्हणजे अलीकडचे बदल तात्पुरते ठेवायची जागा, वाढव. मुळात तो १२८ एमबी असतो. नोड थोडा वेळ बाहेर राहून परत आला आणि मधले बदल जीकॅशमध्ये शिल्लक असले, तर तेवढेच मिळतात. नसले तर पुन्हा पूर्ण प्रत.

आता ज्यासाठी हे पत्र एवढं लांबवलं ते. एका ठिकाणी तिन्ही नोडची वीज एकदम गेली होती आणि मला बोलावणं आलं. मी पोहोचलो तेव्हा एक जण पहिल्या नोडवर जबरदस्तीने बूटस्ट्रॅप करायच्या, म्हणजे त्यावरून क्लस्टर नव्याने सुरू करायच्या, बेतात होता, कारण त्या नोडचं नाव "नोड १" होतं. मी त्याला थांबवलं आणि आम्ही तिन्ही मशीनवरची ग्रास्टेट डॅट ही फाइल उघडली. चार-पाच ओळींची फाइल आहे: आवृत्ती, क्लस्टरचा यूयूआयडी (ओळख क्रमांक), सीक्वेन्स नंबर (शेवटच्या बदलाचा क्रमांक) आणि इथून सुरुवात सुरक्षित आहे का ते सांगणारं "सेफ टू बूटस्ट्रॅप". तिन्हीकडे सीक्वेन्स नंबर -१ आणि सेफ टू बूटस्ट्रॅप ०. म्हणजे तिघांपैकी कुणालाही स्वतःहून माहीत नाही की शेवटचं कोण होतं. सर्व्हर चालू असताना तिथे -१ च असतो, खरा आकडा नीट बंद होताना लिहिला जातो. वीज गेली की तो लिहायचा राहतोच. मग प्रत्येक मशीनवर रिकव्हर पर्याय देऊन सर्व्हर चालवला. तो इनोडीबीत शिरून शेवटची जागा शोधतो, लॉगमध्ये "रिकव्हर्ड पोझिशन" म्हणून छापतो आणि बंद होतो. यूयूआयडी तिन्हीकडे सारखा निघाला. आकडा मात्र तिसऱ्या नोडवर सगळ्यात मोठा होता. त्याच्या फाइलमध्ये ० चं १ केलं, त्याला बूटस्ट्रॅप केलं, आणि बाकीचे दोघे त्याला येऊन मिळाले. नोड १ वरून सुरुवात झाली असती तर मधले सगळे व्यवहार कायमचे गेले असते, आणि क्लस्टर तरीही निरोगी दिसलं असतं!

तिन्ही नोड एकदम परत आले तर गॅलेरा पुष्कळदा आपलं आपण जुळवून घेतो. एखादा उठलाच नाही की निर्णय तुझा. आणि नोड चालूच आहेत, फक्त नेटवर्कच्या धक्क्याने सगळे नॉन-प्रायमरी (बहुमत न दिसल्याने काम थांबवलेले) झालेत, अशी वेळ आली तर रिस्टार्टला हात लावू नकोस. नेटवर्क आलं की बहुधा ते स्वतः एकत्र येतात. नाहीच आले, तर प्रत्येकाचा लास्ट कमिटेड (शेवटच्या पक्क्या बदलाचा) आकडा बघ आणि सगळ्यात पुढच्यालाच प्रायमरी कर. तिन्ही एकाच वीजपुरवठ्यावर असतील तर इनोडीबीचा कमिटच्या वेळी लॉग डिस्कवर उतरवण्याचा पर्याय १ वर ठेव. वेगासाठी २ करतात, पण तिघांची वीज एकदम गेली तर शेवटचे क्षण कुठल्याच नोडवर सापडणार नाहीत.

अर्धं क्लस्टर दुसऱ्या शहरात ठेवायचं म्हणतोस, त्यावर शांतपणे विचार कर. गॅलेरात प्रत्येक कमिट नेटवर्कची एक फेरी पूर्ण होईपर्यंत थांबतो, म्हणजे अंतर वाढलं की प्रत्येक व्यवहार तेवढा लांबतो. ऑटोमॅटिक फेलओव्हरवर दूर अंतरात किती भिस्त ठेवायची, हे प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या गिटहब या साइटच्या अनुभवावरून कळतं. त्यांची रचना वेगळी होती, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि त्याचा फेलओव्हर हाताळणारा ऑर्केस्ट्रेटर. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी देखभालीच्या कामात त्यांच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात पश्चिमेकडचे सर्व्हर मुख्य झाले. पूर्वेकडचे काही सेकंदांचे बदल पश्चिमेला पोहोचले नव्हते आणि पश्चिमेला नवे बदल सुरूही झाले होते. सेवा विस्कळीत राहिली ती २४ तास ११ मिनिटं, कारण त्यांनी साइट लवकर पूर्ववत करण्यापेक्षा डेटा जपणं पसंत केलं. मला त्या निर्णयाबद्दल फार आदर आहे. तुला दोन जागा हव्याच असतील तर गार्बडीसाठी तिसरी जागा शोध, नाहीतर दोन नोड असलेली जागा बसली की सगळंच बसेल.

"अधूनमधून सगळं मंदावतं" ही तुझी तक्रार, तिचं कारण बहुतेक फ्लो कंट्रोल. एक नोड मागे पडला की तो बाकीच्यांना थांबायला लावतो. फ्लो कंट्रोल पॉज्डचा (किती वेळ थांबावं लागलं त्याचा) आकडा ० च्या आसपास हवा; चढत असेल तर कोणत्या नोडची येणारी रांग फुगतेय ते शोध आणि त्याची डिस्क तपास. मोठ्या टेबलावर दिवसाढवळ्या ऑल्टर (टेबलाची रचना बदलणारी कमांड) चालवत असशील तर ते आधी बंद कर, त्याने अख्खं क्लस्टर थांबतं.

आणि बॅकअप वेगळा घे. चुकून ड्रॉप झालेलं टेबल तिन्ही नोडवरून एकदमच जातं. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप समजू नकोस.

वीज काढून चाचणी करशील तेव्हा तिन्ही नोडचे लॉग मला पाठव, आपण फोनवर सोबत वाचू. देणाऱ्या नोडचा लॉग तर आजच पाठव.

तुझा,
मंदार