शीर सापडत नव्हती तेव्हा

आदरणीय इन्चार्ज सिस्टर,

सप्रेम नमस्कार. तोंडावर कुणी आभार मानले की तुम्ही लगेच औषधांचं कपाट आवरायला घेता. म्हणून हे असं उघड लिहितेय.

आमची एमबीबीएसची बॅच 2018 ची. दुसऱ्या वर्षाला असताना, मार्च 2020 मध्ये कॉलेज बंद झालं आणि पुढचे कित्येक महिने आम्ही घरी बसून मोबाइलवर लेक्चर ऐकली. पुस्तकं वाचून झाली, हात मात्र कोरेच राहिले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. इंटर्नशिपमधल्या बालरोगाच्या महिन्यात, पहिल्याच नाइटला ते तुमच्या लक्षात आलं.

मेळघाटातल्या धारणीकडून आलेलं सात महिन्यांचं लेकरू. दोन दिवसांचे जुलाब, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीतून सोडली तरी तशीच उभी. वजन सहा किलो, म्हणजे पहिल्या तासात 180 मिली रिंगर लॅक्टेटचं सलाइन आणि पुढच्या पाच तासांत 420. हिशोब तोंडपाठ होता, पण शीर सापडत नव्हती. रेसिडेंट सर फिट आलेल्या दुसऱ्या मुलापाशी होते. मी दोनदा टोचलं, दोन्हीदा हात सुजला. आई कोरकूत काही तरी विनवत होती आणि मला एक शब्द कळत नव्हता.

तुम्ही माझ्या हातातली सुई काढून घेतली नाहीत. सगळ्यात मोठे आभार त्याचे. "आता नाही लागली तर मी लावते," एवढंच म्हणालात, आईशी तिच्या बोलीत दोन शब्द बोललात आणि बेडवरची ट्यूबलाइट बंद केलीत. लेकराची मूठ तुमच्या हातात धरून ऊब दिलीत, तळव्याखाली टॉर्च लावलीत. पंजा लालभडक उजळला आणि त्यात काळ्या दोऱ्यासारखी शीर दिसली.

"तू सुईकडेच पाहून रायली. लेकराकडे पाह्य आधी."

पिवळा इंट्राकॅथ, शिरेत सरकवायची बारीक नळी, 24 नंबर. रक्त दिसलं तशी मी घाईने पुढे ढकलणार, तर तुमचं बोट माझ्या मनगटावर. "थांब. आडवी कर जराशी." सरकली. सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तुम्ही पट्टी बांधलीत. पहाटे लेकराने चादर ओली केली, तेव्हा तुम्ही मला हाक मारून ती दाखवलीत. मूत्रपिंडावरचा इतका चांगला धडा मला कुठल्याच लेक्चरला मिळाला नव्हता.

22 जून 2024 च्या रात्रीचंही सांगायचं आहे. दुसऱ्या दिवशी नीट-पीजी, एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा. मी नागपूरच्या एका लॉजवर, हॉल तिकीट उशाशी, आणि परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी आली. किती दिवस पुढे, तेही कळेना. त्या रात्री खूप फोन आले. सगळे विचारत होते, आता काय? तुम्ही विचारलंत, "जेवली का?" मी जेवले नव्हते. मी खाली जाऊन ताट घेईपर्यंत तुम्ही फोन ठेवला नाहीत.

परीक्षा 11 ऑगस्टला झाली, निकाल 23 ऑगस्टला लागला, आणि दिवाळी उलटल्यावर आता कुठे कॉलेज आणि विषयांचा पसंतीक्रम भरायला मिळतोय. आधी अखिल भारतीय कोट्यातल्या निम्म्या जागांसाठी, मग राज्याच्या जागांसाठी. इंटर्नशिप संपलेली, सीट नाही, घरात पाहुणे आले की "पुढे काय?" हाच प्रश्न. हे दिवस फार जड गेले.

घरच्यांचं म्हणणं, आधी रेडिओलॉजी टाक, मग त्वचारोग. त्यांची काळजी खरी आहे आणि ती कामंही मोठी आहेत. पण मी पहिल्या सगळ्या ओळी बालरोगाच्या भरल्यात, अगदी लांबच्या कॉलेजांच्यासुद्धा. बाबांशी त्यावर दोन संध्याकाळी बोलणं झालं. शेवटी मी त्यांना त्या टॉर्चची गोष्ट सांगितली. ते काही वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "भर मग."

अलॉटमेंट लागली की पहिला फोन तुम्हाला. नाइट असेल तर सकाळी आठनंतर करीन, हँडओव्हर झाल्यावर.

तुमची,
त्या महिन्याची इंटर्न