हायब्रिड एसयूव्ही: बॅटरी संपल्यानंतरचं ॲव्हरेजही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महागडी हायब्रिड एसयूव्ही बाजारात आली की वाहन पुरवण्यांत तिच्या ॲव्हरेजचा एकच आकडा छापून येतो. तो कोणत्या परिस्थितीतला, हे सोबत दिलं नाही तर वाचकाची दिशाभूल होते. बीएमडब्ल्यू एक्सएम या प्लग-इन हायब्रिडचंच, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणाऱ्या आणि पेट्रोलवरही चालणाऱ्या गाडीचंच उदाहरण घ्या. भारतात ही गाडी आली तेव्हा दावा होता लिटरला 61.9 किलोमीटरचा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने याच गाडीचा बॅटरी संपल्यानंतरचा, नुसत्या पेट्रोलवरचा आकडा दिला 14 मैल प्रतिगॅलन, म्हणजे लिटरला जेमतेम सहा किलोमीटर. दोन्ही आकडे अधिकृत आहेत. पण आपल्याकडे छापला जातो तो पहिलाच.

प्लग-इन हायब्रिडची युरोपीय चाचणी, म्हणजे डब्ल्यूएलटीपी, दोन टप्प्यांत होते: एकदा बॅटरी पूर्ण भरून आणि एकदा ती उतरल्यावर. मग मालक गाडी नियमित चार्ज करणार असं गृहीत धरून दोन्ही निकाल एकत्र करतात. विजेवर 60 किलोमीटर जाणारी गाडी एकूण प्रवासाचा 80 टक्क्यांहून जास्त भाग विजेवरच करेल, असा हिशेब वर्षानुवर्षं चालला. 2021 पासून युरोपात नव्या गाड्यांना प्रत्यक्ष खपाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि हिशेब उघडा पडला. युरोपियन कमिशनने 2024 मध्ये जाहीर केलेल्या नोंदींनुसार प्लग-इन गाड्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी 3.5 पट निघालं. साध्या पेट्रोल गाड्यांत ही तफावत 23.7 टक्के होती, डिझेलमध्ये 18.1. त्यानंतर 2025 पासून नव्या मॉडेलांसाठी विजेचा हा गृहीत वाटा बराच खाली आणला गेला.

आपल्या शहरांत चित्र आणखी वेगळं. अनेक सोसायट्यांत पार्किंगपाशी स्वतंत्र मीटर नाही, चार्जरची परवानगी मिळत नाही. एक्सएमची वापरता येणारी बॅटरी 25.7 युनिटची. 7.4 किलोवॉटच्या चार्जरवर ती सुमारे चार तासांत भरते, साध्या पॉवर सॉकेटवर दहा तासांहून अधिक लागतात. चार्ज न करता फिरवली तर पावणेतीन टनांची गाडी, त्यात बॅटरीचं ओझं, आणि ओढायला व्ही-8 इंजिन. काही जण इंजिन चालवून बॅटरी भरण्याचा मोड लावतात. पेट्रोलची वीज, विजेचा साठा, साठ्यातून पुन्हा गती, असं प्रत्येक पायरीवर थोडं थोडं वाया जातं. पुढे शहरात शिरायचं असेल तर असलेला चार्ज राखून ठेवणारा मोड त्यापेक्षा केव्हाही बरा.

लेक्सस एनएक्स 350एचसारख्या, बाहेरून चार्ज न होणाऱ्या स्ट्राँग हायब्रिडची गोष्ट निराळी आहे, आणि माझ्या मते बहुतेक ग्राहकांना हीच जास्त उपयोगाची. अमेरिकन चाचणीत तिला शहरात 41 आणि हायवेवर 37 मैल प्रतिगॅलन मिळाले, म्हणजे लिटरला सुमारे 17.4 आणि 15.7 किलोमीटर. शहरातला आकडा जास्त आहे, छपाईची चूक नाही. सिग्नलला इंजिन बंद, ब्रेक मारताना ऊर्जा परत बॅटरीत, रांगत्या ट्रॅफिकमध्ये मोटर. द्रुतगती मार्गावर सलग 100 च्या वेगात यातलं काहीच कामी येत नाही, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. उंच, रुंद एसयूव्हीला तो जास्तच भोवतो.

घाटात मर्यादा स्पष्ट दिसते. दोन टनांची गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे 500 मीटर उतरली की सुमारे 2.7 युनिट ऊर्जा मोकळी होते. घर्षण आणि हवेचा विरोध वजा जाता जे उरतं तेही अशा गाडीच्या छोट्या बॅटरीत मावत नाही, कारण तिच्या क्षमतेचा काही भागच वापरला जातो. उतार अर्ध्यावर असतानाच ती भरते आणि पुढे इंजिन ब्रेकिंगवर, म्हणजे इंजिनाच्याच रोधाने वेग आवरण्यावर भागवावं लागतं. म्हणून घाट उतरताना मिळालेल्या आकड्यावर ॲव्हरेज ठरवू नये, चढतानाच्याही नाही.

ॲव्हरेज अचानक पडलं तर आधी मागच्या सीटखाली बघा. टोयोटा-लेक्सस पद्धतीच्या अनेक गाड्यांत बॅटरी थंड करणारी हवा तिथल्या जाळीतून केबिनमधूनच ओढली जाते. धूळ, कुत्र्याचे केस, सीटवरून सरकलेली चादर यांनी ती जाळी बुजली की बॅटरी तापते, यंत्रणा चार्जिंगवर मर्यादा आणते आणि इंजिन वारंवार सुरू होतं. जाळीमागचा फिल्टर प्रत्येक सर्व्हिसला काढून साफ करायला सांगावं. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांतही ॲव्हरेज मार खातं, कारण इंजिन आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम करायलाच पेट्रोल जळतं. टायरमध्ये हवा कमी असणं हे नेहमीचं कारण आहेच. शिवाय ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जाच 6 ते 7 टक्क्यांनी कमी असते. शुद्ध पेट्रोलच्या जुन्या आकड्यांशी तुलना करताना हे धरलंच पाहिजे.

मोजायचं तर टाकी फुल ते टाकी फुल. पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वरून ‘राउंड फिगर’ करायची नाही. ट्रिप मीटर शून्यावर, टायरचा दाब थंड असताना तपासलेला, किमान 400-500 किलोमीटर, शेवटी तोच पंप आणि शक्यतो तेच नोझल. सुरुवातीला आणि शेवटी बॅटरीचा चार्ज सारखाच हवा. प्लग-इनसाठी चार्जरच्या मीटरवरचे युनिटही लिहून ठेवावेत, कारण ती वीजही फुकट नाही. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा बहुधा जरा चढाच असतो.

आपल्या परीक्षणांत यापुढे गाडी 48 व्होल्टची माइल्ड (जिची मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते), स्ट्राँग की प्लग-इन, हे आधी स्पष्ट लिहावं. प्लग-इन असेल तर दोन ओळी द्याव्यात: विजेवर प्रत्यक्ष किती किलोमीटर आणि किती युनिट, आणि बॅटरी उतरल्यावर लिटरला किती. शहर आणि हायवे वेगळे, एसी चालू ठेवून. एआरएआय या आपल्या वाहन-चाचणी संस्थेचा आकडा दिलात तर भारतीय चाचणीत वेग 90 च्या पुढे जात नाही, हेही शेजारी छापावं. कंपनी बॅटरी संपल्यानंतरचा आकडा देत नसेल, तर ‘कंपनीने दिला नाही’ एवढं त्या रकान्यात नक्की लिहा.

आपला,
एक वाचक, चिंचवड