ज्या कारभाराचे तू कौतुक केलेस

सातारा

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर बोलताना तू म्हणालास, "हिटलरने माणसे मारली ते वाईटच, पण कारभार करावा तर त्या लोकांनी. कागद अडायचा नाही, गाडी वेळेवर सुटायची." तुझ्या वयाच्या मुलांच्या तोंडी हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे, आणि पुण्या-मुंबईच्या पदपथांवर त्या माणसाचे आत्मचरित्र आजही स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी मांडलेले दिसते, त्यामुळे तुला एकट्याला मी बोल लावत नाही. पण तू आता नायब तहसीलदार झाला आहेस, यापुढे तुझ्या सहीने कागद हलणार आहेत, आणि मी स्वतः महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आहे. म्हणून ही गोष्ट फोनवर सोडून न देता सविस्तर लिहिते आहे. माझे म्हणणे एवढेच की, ज्या कारभाराचे तू कौतुक करतोस त्याच्यापासून ती हत्या वेगळी काढता येत नाही. सुमारे साठ लाख ज्यू माणसे मारली गेली ती त्या कारभाराच्या हातूनच.

सुरुवात सरकारी नोकरीच्या नियमांपासून झाली. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला, तेव्हा जर्मनीत ज्यूंची संख्या सुमारे पाच लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होती. त्यानंतर सव्वादोन महिन्यांत, ७ एप्रिलला, सरकारी सेवेविषयीचा नवा कायदा आला आणि 'आर्य' नसलेले न्यायाधीश, शिक्षक, प्राध्यापक, कारकून यांना सेवेतून काढण्यास सुरुवात झाली. जागा रिकाम्या झाल्या, त्या भरल्या गेल्या, आणि ज्यांना त्या मिळाल्या त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी आधीच्या माणसाचे काय झाले याची विचारपूस केली. पुढे १५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले आणि त्यांनी इतर जर्मनांशी विवाह करणे हा गुन्हा ठरवला. आता ज्यू कोण हे ठरवायचे कसे, असा प्रश्न आला. रक्त तपासून ते कळणार नव्हते, कारण मुळात तसे काही रक्तात नसतेच. तेव्हा आजी-आजोबांचा धर्म पाहायचे ठरले. चौघांपैकी तिघे ज्यू असतील, तर नातू ज्यू. त्यासाठी चर्चच्या कचेऱ्यांतून बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या उघडल्या गेल्या आणि लाखो दाखले दिले गेले. तो दाखला लिहिणाऱ्या माणसाने कोणाच्या अंगाला बोटही लावले नव्हते. त्या कायद्यांवरच्या अधिकृत भाष्याचा एक लेखक, गृहखात्यातला अधिकारी हान्स ग्लोब्के, युद्धानंतर १९५३ ते १९६३ अशी दहा वर्षे पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरच्या कार्यालयाचा प्रमुख होता, हे वाचले तेव्हा मला फार संताप आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

मग एकेक परिपत्रक येत गेले. १९३९ च्या जानेवारीपासून प्रत्येक ज्यू पुरुषाच्या नावात 'इस्राएल' आणि प्रत्येक ज्यू स्त्रीच्या नावात 'सारा' हे नाव जोडणे सक्तीचे झाले. त्याआधी, ऑक्टोबर १९३८ मध्ये, त्यांच्या पारपत्रांवर तांबडा 'जे' उमटवायला सुरुवात झाली होती. नोव्हेंबरात देशभर प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली, सुमारे तीस हजार पुरुषांना पकडून छळछावण्यांत टाकले, आणि झालेल्या नुकसानीबद्दल ज्यूंनाच शंभर कोटी मार्कांचा दंड ठोठावण्यात आला. तू महाविद्यालयात असताना मित्रांबरोबर ज्या पुरंदर किल्ल्यावर जात असस, त्याचाही या पारपत्रांशी संबंध आहे. जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून काही ज्यू कुटुंबे हिंदुस्थानात आली होती. १९३९ साली युद्ध पेटताच इंग्रज सरकारने त्यांनाही जर्मन म्हणून शत्रुराष्ट्राच्या नागरिकांत धरले आणि कित्येकांना अहमदनगरच्या छावणीत ठेवले. चौकशीनंतर बहुतेकांची सुटका झाली, काहींना मात्र पुढे पुरंदरावर राहावे लागले. ज्या कोकणात बेने इस्राएल ज्यू शतकानुशतके मराठी बोलत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळून निर्धास्त राहिले, त्या कोकणापासून हा किल्ला फार दूर नाही.

आता ज्या कागदामुळे मी हे पत्र लिहायला बसले, त्या कागदाविषयी. १८ ऑक्टोबर १९४१ रोजी बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्थानकावरून ज्यूंना घेऊन पहिली गाडी पोलंडकडे निघाली, आणि तिथून पुढे अशा गाड्या सुटत राहिल्या. ज्यांना न्यायचे त्यांच्याकडून सोळा पानांचा एक अर्ज भरून घेत. बँकेतली शिल्लक, विमा, येणी-देणी हे तर त्यात होतेच. शिवाय घरातले सामान, म्हणजे पलंग, पडदे, भांडी, चादरी, कपडे, पुस्तके, हे नगांसह लिहायचे होते. निघण्यापूर्वी गॅसचे आणि विजेचे बिल चुकते करायचे आणि घराची किल्ली जमा करायची. मग न्यायालयाचा बेलीफ येऊन मालमत्ता सरकारजमा झाल्याचा आदेश रीतसर बजावत असे. २५ नोव्हेंबर १९४१ ला यासाठी नवा नियमच निघाला, की जो ज्यू देशाबाहेर राहायला गेला त्याचे नागरिकत्व संपले आणि त्याची मालमत्ता सरकारची झाली. सरकारनेच त्यांना सीमेपलीकडे नेले, आणि सीमा ओलांडली म्हणून सरकारनेच त्यांचे सगळे घेतले. पुढे त्या चादरी आणि भांड्यांचे जाहीर लिलाव झाले. हॅम्बुर्गच्या बंदरात तर हॉलंडमधून नेलेल्या ज्यूंच्या घरांतले सामान जहाजांनी येत असे आणि शहरातली साधी माणसे बोली लावून ते घरी नेत.

अमोल, थकबाकीपोटी होणाऱ्या जप्तीचे पंचनामे मी लिहिले आहेत. पितळी हंडा एक, लोखंडी कॉट एक, शिलाई मशीन एक, असे लिहीत असताना त्या घरची बाई दारात उभी असते, आणि कितीही ठरवले तरी तिच्याकडे नजर जातेच. बर्लिनमध्ये ती यादी त्या बाईकडूनच लिहून घेतली जात होती. लिहिणाऱ्याला तिच्याकडे पाहावे लागू नये, अशी ती व्यवस्था होती. तिला तू कार्यक्षमता म्हणणार असशील, तर त्याआधी थोडा थांब.

गाड्यांचेही तसेच. जर्मन रेल्वेने या प्रवासाचे भाडे घेतले. दर तिसऱ्या वर्गाचा, किलोमीटरला चार फेनिग. दहा वर्षांखालच्या मुलाला निम्मे भाडे, चार वर्षांखालच्याला भाडे नाही. चारशेहून अधिक माणसे असली की समूह-सवलत. भाडे एकेरीच लावले जाई, परतीचे फक्त पहारेकऱ्यांचे. अनेकदा ते पैसेही ज्यूंकडून हिसकावलेल्या पैशांतूनच दिले गेले. १९४४ च्या मे महिन्याच्या मध्यापासून आठ आठवड्यांत एकट्या हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार माणसे अशा गाड्यांनी नेली, त्यातली बहुतेक सगळी आउश्वित्झच्या मृत्युछावणीत. आणि हे जर्मनीचे सैन्य सगळीकडे मागे हटत होते त्या काळात. म्हातारी माणसे, लहान मुले आणि त्यांच्या आया यांना तिथे उतरल्यावर थेट विषारी वायूच्या कोठड्यांकडे चालवत नेत. गाडी वेळेवर सुटायची, हे तुझे म्हणणे मी या माणसांच्या बाजूने वाचते.

पोलंडमधल्या त्रेब्लिंकाला तर खोटे रेल्वे स्थानक उभारले होते. तिकिटाच्या खिडक्या होत्या, पाट्या होत्या, आणि भिंतीवर एक घड्याळ होते, ज्याचे काटे रंगाने काढलेले होते. उतरणाऱ्याला वाटावे की पुढची गाडी पकडायची आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये वॉर्सातले बालरोगतज्ज्ञ आणि लेखक यानुश कोर्चाक आपल्या अनाथालयातल्या सुमारे दोनशे मुलांसह तिकडे नेले गेले. स्वतःला वाचवण्याची संधी त्यांना मिळाली होती, पण मुलांना सोडून ते गेले नाहीत. त्यांच्यापैकी कोणीही परत आले नाही. त्रेब्लिंकाला वर्ष-सव्वा वर्षात आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली.

रशियाच्या आघाडीवर गाड्यांचीही गरज लागली नाही; गावाबाहेर खड्डे खणून, काठावर उभे करून गोळ्या घातल्या. कीवजवळच्या बाबी यार घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले. हा आकडा त्यांनीच वर पाठवलेल्या अहवालातला आहे. लिथुआनियात कार्ल येगर नावाच्या अधिकाऱ्याने १ डिसेंबर १९४१ रोजी सहा पानी तक्ता सादर केला: तारीख, गाव, पुरुष, स्त्रिया, मुले, बेरीज. एका पानाची बेरीज पुढच्या पानावर ओढलेली. शेवटी एकूण १,३७,३४६. आपण पीकपाहणीचे गोषवारे जसे तालुक्याहून जिल्ह्याला पाठवतो, तसाच तो आहे, आणि म्हणूनच मला तो पुन्हा वाचवला नाही.

तू विचारशील, त्या लोकांना दुसरे काय करता येणार होते, वरून आदेश असतील तर? मीही चाकरी केली आहे, त्यामुळे हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पण उत्तर उपलब्ध आहे. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या युझेफूफ गावी हॅम्बुर्गच्या राखीव पोलिसांची एक तुकडी पोहोचली. गावातल्या ज्यू स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना गोळ्या घालायच्या होत्या. त्यांच्या मेजरने सकाळी सगळ्यांना सांगितले की, वयाने मोठ्या असलेल्यांपैकी ज्याला हे काम जमणार नाही त्याने बाजूला व्हावे. पाचशेच्या आसपास माणसांतून सुरुवातीला डझनभर पुढे आले. त्यांना शिक्षा झाली नाही, दुसरे काम दिले गेले. युद्धानंतर इतके खटले चालले, पण नि:शस्त्र माणसांना मारण्यास नकार दिला म्हणून कोणाला मृत्युदंड झाला असे एकही खात्रीचे उदाहरण आरोपींच्या वकिलांना पुढे करता आले नाही. उरलेल्यांनी त्या दिवशी सुमारे पंधराशे माणसे मारली. कोणी बढतीसाठी, कोणी सहकाऱ्यांसमोर भित्रा ठरू नये म्हणून, आणि कित्येकांनी काहीच विचार न करता.

आणि ज्याने सरकारी कागदच वेगळ्या रीतीने वापरला, असाही एक अधिकारी मी तुला सांगते. पाउल ग्र्युनिंगर हा स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन परगण्याचा पोलीसप्रमुख होता. ऑगस्ट १९३८ मध्ये स्विस सरकारने ज्यू निर्वासितांना सीमा बंद केली. त्यानंतर आलेल्यांना परत पाठवायचे होते. ग्र्युनिंगरने त्यांच्या कागदांवर आधीच्या तारखा टाकल्या, म्हणजे ती माणसे सीमा बंद होण्यापूर्वीच आली आहेत असे दिसावे. अशी शेकडो माणसे वाचली. १९३९ मध्ये त्याला बडतर्फ केले, १९४० मध्ये न्यायालयाने कागदपत्रांत खाडाखोड आणि कर्तव्यभंग यांबद्दल दोषी ठरवले, निवृत्तिवेतन गेले. पुढे मिळेल ते काम करत, हलाखीत तो जगला आणि १९७२ मध्ये वारला. तो खटला पुन्हा चालवून त्याला निर्दोष ठरवायला १९९५ साल उजाडावे लागले. खोटी नोंद करू नये, हे मी तुला लहानपणापासून शिकवले आणि ते मी मागे घेत नाही. पण नियमाने चालणारा अधिकारी कोण आणि भला अधिकारी कोण, हे त्या वर्षांत एकच राहिले नव्हते, हेही तुला माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

एक काम सांगते. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनमधल्या वानझे तलावाकाठच्या बंगल्यात पंधरा अधिकाऱ्यांची बैठक झाली, साधारण दीड तासाची. गृह, न्याय, परराष्ट्र अशा खात्यांचे वरिष्ठ होते. त्यांच्यातल्या आठ जणांकडे डॉक्टरेट होती. बैठकीचे इतिवृत्त जेमतेम पंधरा पानांचे आहे, त्याची एक प्रत १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याच्या फायलींत सापडली आणि इंग्रजी भाषांतर सहज मिळते. त्यात युरोपातल्या १ कोटी १० लाख ज्यूंचा देशवार तक्ता आहे. अल्बानियापुढे २०० लिहिले आहे, ते दोनशेसुद्धा सुटू नयेत म्हणून. तुझ्या प्रशिक्षणात टिपणी आणि इतिवृत्त लेखनाचा वर्ग सुरू होण्याआधी ती पाने वाच. दिवाळीला घरी येशील तेव्हा आपण बोलू. तुझे मत तेव्हाही तेच राहिले असेल तर तेसुद्धा मला ऐकायचे आहे, पण ती पाने वाचून झाल्यावर.

प्रकृतीची काळजी घे.

तुझी,
आई